जंगली झाडाला पाणी कोण घालतं?

मृग लागला की गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीत माझ्या फाटकाशी कोणी ना कोणी धायटीचं रोप मागायला येतं. मार्च महिन्यात त्यांनी माझ्या कुंपणालगतची तांबडीलाल झुडपं जाता-येता पाहिलेली असतात. रोपाची पिशवी हातात देताना मी पाण्याचं सांगायला लागतो, आणि समोरून ठरलेलं वाक्य येतं, "जंगली झाड आहे ना भाऊ, त्याले कोन पानी टाकते?" पुढच्या होळीच्या आसपास तोच माणूस भेटतो. रोप गेलेलं असतं, आणि आता वाक्य दुसरं असतं, "जंगलातला झाड घरी लागत नाही."

ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत. पहिल्या चुकीमुळे रोप मरतं आणि दुसऱ्या चुकीमुळे माणूस पुन्हा लावत नाही. ज्या गावाच्या चहूबाजूंनी जंगल आहे, त्या गावाच्या अंगणात त्या जंगलातलं एकही झुडूप नसावं, याचं कारण हवामान नाही, माती नाही. ही दोन वाक्यं आहेत. म्हणून आज सविस्तर लिहितो.

आधी धायटीची ओळख, कारण पाहिलेली सगळ्यांनी असते, पण रस्त्यावरून. संस्कृतातली धातकी ती हीच. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल ताम्हण हे तिचे कुळबंधू, आणि आपल्याकडच्या सागवनातला लेंडियाही त्याच कुळातला. साधारण पुरुषभर उंचीचं झुडूप, जागा मानवली तर त्याहून मोठं. फांद्या लांब, कमानीसारख्या झुकलेल्या. पानं समोरासमोर, टोकाला निमुळती. एक पान तोडून उलटं करा आणि उन्हाकडे धरा. खालची बाजू फिकट, मऊ लव असलेली, आणि तिच्यावर बारीक काळे ठिपके दिसतील. एवढी खूण पटली की धायटी ओळखायला दुसरं काही लागत नाही.

आता फूल जवळून पाहा. बोटाच्या एका पेराहूनही लहान अशी वाकडी नळी, तांबूस-नारिंगी. ही नळी पाकळ्यांची आहे असं सगळे समजतात, पण ती निदलपुंजाची, म्हणजे कळीच्या बाहेरच्या आवरणाची आहे. खऱ्या पाकळ्या सहा असतात आणि त्या नळीच्या दातांमध्ये इतक्या लपलेल्या असतात की नखाने उघडून पाहाव्या लागतात. बाहेर डोकावतात ते बारा पुंकेसर. पाकळी लवकर गळते, निदलपुंज गळत नाही. फळ धरलं तरी ते त्याच लाल आवरणात राहतं. म्हणून जानेवारीपासून एप्रिलपर्यंत झुडूप पेटल्यासारखं दिसतं, आणि त्या दिवसांत शिंजीर आणि मधमाश्या तिथून हलत नाहीत. त्याच सुमारास बरीच पानंही झडलेली असतात, म्हणून लाल रंग आणखी उठून दिसतो. पानं झडली म्हणजे झाड वाळलं असं समजून फुलायच्या तोंडावर धायटी तोडून टाकणारी माणसं मी पाहिली आहेत. नखाने फांदी जराशी खरवडून बघा. आत हिरवं दिसलं तर झाड जिवंत आहे.

तर मुद्दा पाण्याचा.

"जंगलात तिला कोण पाणी घालतं?" या प्रश्नाचं खरं उत्तर असं आहे की कोणी घालत नाही, आणि म्हणूनच जंगलात बहुतेक रोपं मरतात. एका मोठ्या धायटीवर बोंडं मोजता येणार नाहीत इतकी, आणि प्रत्येक बोंडात तिखटाच्या पुडीसारख्या बारीक बिया. त्या सगळ्या रुजून वाढल्या असत्या तर भामरागडच्या रस्त्याने दुसरं झाड दिसलं नसतं. बहुतेक बिया रुजतच नाहीत. रुजलेल्यांपैकी काही पावसात वाहून जातात, काही गवताखाली दबतात, काही जनावरांच्या पायाखाली जातात, आणि उरलेल्यांपैकी पुष्कळ पहिल्या उन्हाळ्यात करपतात. आपण टेकडीवर जी धायटी बघतो ती या सगळ्यातून वाचलेली एखादी. मेलेली रोपं कोणाला दिसत नाहीत, म्हणून जंगलात पाण्यावाचून सगळं जगतं असा भास होतो. जंगलाला हजारांतलं एक जगलं तरी पुरतं. तुम्ही अंगणात एकच लावलेलं असतं.

जे एक जगतं, ते कसं जगतं तेही बघा. बी खडकाच्या फटीत किंवा मुरमात पडतं, पहिल्या पावसात रुजतं, आणि त्या क्षणापासून त्याचं मूळ खाली जायला लागतं. वर दोन-चार पानं दिसत असतात तेव्हा खाली मूळ त्याच्या कितीतरी पट लांब गेलेलं असतं. पावसाळा संपून वरची माती वाळत जाते, तसं मूळ ओलीच्या मागे मागे खाली उतरतं. मे महिन्यात वरची वीतभर माती तापलेल्या तव्यासारखी झालेली असते, तरी मुळाचं टोक जिथे आहे तिथे थोडी ओल असते. धायटीचा काटकपणा म्हणतात तो हाच, आणि तो मुळांच्या खोलीत आहे.

पिशवीतल्या रोपाकडे ही खोली नसते. वीतभर पिशवीत मूळ खाली जातं, तळाला आपटतं आणि गोल फिरायला लागतं. वर मात्र झुडूप हातभर वाढलेलं, पानांनी भरलेलं, म्हणजे पाण्याचा खर्च मोठा आणि पाणी आणणारी मुळं आखूड. असं रोप जुलैत लावलं, ऑक्टोबरात पाऊस थांबला आणि "जंगली आहे" म्हणून सोडून दिलं, तर ते फेब्रुवारी पाहत नाही. त्याच्या वाट्याला आलेली वीतभर माती तोवर कोरडी ठणठणीत होते. ते काटक जातीचं आहे हे खरं, पण काटक व्हायला त्याला अजून दोन वर्षं लागणार आहेत. पहिलवानाच्या घरातलं तान्हं मूल उपाशी ठेवलं तर ते पहिलवान होत नाही.

हे एवढं पटलं की माणसं दुसऱ्या टोकाला जातात, आणि खरं सांगायचं तर आलापल्लीत धायटी तहानेने मरते त्यापेक्षा जास्त वेळा बुडून मरते.

आपला मुलूख दुष्काळी नाही, हे लोक विसरतात. दुष्काळात तगणारी झुडपं म्हटलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर माण-आटपाडी येते. गडचिरोली जिल्ह्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, हे दर पावसाळ्याचं आहे. मग ऑक्टोबरपासून आठ महिने जवळजवळ काही नाही, आणि मे महिन्यात शेजारच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४६-४७ अंशांपर्यंत चढतो. म्हणजे इथल्या झुडपाला चार महिने अति पाणी आणि आठ महिने कमी पाणी, अशी दोन्ही संकटं सोसावी लागतात. टेकडीच्या उतारावर पहिलं संकट येतच नाही, कारण पाणी थांबत नाही. आपली अंगणं सपाट असतात. त्यात हा धानाचा मुलूख. बांधीत पाणी अडवायचं, पाणी धरून ठेवायचं, हे इथल्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या सवयीचं. झाड लावलं की भोवती मातीचा बांध घालून आळं करायचं आणि ते भरलेलं बघायचं. धानाला ते हवं असतं. धायटी त्यात गुदमरते.

माझी पहिली दोन रोपं अशीच गेली. एका रोपवाटिकेतून आणली होती, "कशीही लावा, मरणार नाही" असं सांगून दिली होती. मी दोन हात खोल खड्डा घेतला, त्यात शेणखत आणि गाळाची भुसभुशीत माती भरली, रोप लावलं, छान गोल आळं केलं. श्रावणात पानं पिवळी पडली. मला वाटलं खत कमी पडलं, आणखी टाकलं. पोळ्यापर्यंत दोन्ही रोपं गेली. उपटून पाहिलं तर मुळं काळी, बोटात धरली की साल निघून येत होती, आणि वास डबक्यातल्या चिखलाचा. खड्डा थोडा उकरला, तर तळाला पाणी उभं होतं.

असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण हा चांगल्या मनाने केलेला घात आहे. आपल्याकडच्या पुष्कळ अंगणांत खाली चिकण, घट्ट माती असते. तिच्यात खड्डा खणला म्हणजे तुम्ही एक मडकं तयार केलं. त्यात भुसभुशीत माती भरली की सभोवतालचं पाणी त्या मऊ मातीत उतरतं, आणि घट्ट भिंतींमुळे बाहेर जात नाही. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरून गेल्या की हवा संपते, मुळं श्वास घेऊ शकत नाहीत, मग कुजतात. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून गंमत अशी होते की पाण्यात उभं असलेलं रोप तहानेने सुकल्यासारखं दिसतं, आणि माणूस त्याला आणखी पाणी घालतो.

आता मी कसं करतो ते सांगतो. खड्डा पिशवीच्या दीडपट रुंद, खोली पिशवीएवढीच. त्यातून निघालेली मातीच परत, तिच्यात तिसरा हिस्सा मुरूम. शेणखत ओंजळभर, तेही पूर्ण कुजलेलं. पिशवी फाडल्यावर तळाशी गोल फिरलेली मुळं असतील तर ती बोटांनी मोकळी करायची, फार गुंतलेली असतील तर कापायची. भिऊ नका, ती तशीच राहिली तर रोप आयुष्यभर त्याच गोलात अडकतं. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंचवट्यावर लावायचं, म्हणजे पावसाळ्यात पाणी बुंध्यापासून दूर पळतं. पाऊस संपला, साधारण कोजागरीच्या सुमाराला, की उंचवटा तसाच ठेवून त्याच्या पायथ्याशी, बुंध्यापासून हातभर अंतरावर, गोल चर काढायचा. पाणी त्या चरात घालायचं. पावसाळ्यात उंचवटा आणि हिवाळ्यात चर, एवढं सांभाळलं तरी निम्मं काम झालं.

पाणी किती? पहिल्या वर्षी कोजागरीपासून माघापर्यंत आठवड्याला एक बादली. होळीपासून पाऊस येईपर्यंत चार-पाच दिवसांनी एक बादली. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरवड्याला एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात बंद, आणि पानं अगदीच लोंबली तरच एखादी बादली. रोज तांब्याभर पाणी घालणाऱ्यांनी इथे थांबून पुन्हा वाचावं. रोजचं तांब्याभर पाणी दोन बोटं खाली जातं आणि दुपारपर्यंत उडून जातं. मुळं त्या दोन बोटांच्या ओलीसाठी वरच राहतात, खाली उतरायचं त्यांना कारणच उरत नाही. मग तुम्ही चार दिवस लग्नाला गेलात की झाड संपतं. आठवड्याची एक बादली सावकाश जिरली तर ओल हातभर खाली जाते, आणि मूळ तिच्यामागे जातं. रोप काटक होतं ते असं.

चरावर पालापाचोळा पसरा. सागाची पानं आलापल्लीत विकत आणावी लागत नाहीत. माघ-फाल्गुनात लोक ती झाडून ढीग करून जाळतात, हे बघून माझा जीव तळमळतो. तीच पानं चार बोटं जाडीने पसरली तर मे महिन्यात खालची माती हाताला गार लागते. पाचोळ्याने उधई येते, ही तक्रार मला माहीत आहे. उधई मुख्यतः मेलेलं लाकूड आणि वाळका पाला खाते; आधीच मरायला टेकलेल्या रोपालाही ती सोडत नाही, म्हणून दोष तिच्यावर येतो. पाचोळा बुंध्याला न भिडवता चार बोटं लांब ठेवा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात सांगून टाकतो.

"झुडूपच आहे, आंब्याच्या सावलीत चालेल." चालेल, पण फुलणार नाही. आपल्याकडे पाहुण्यांना वनवैभव दाखवायला नेतात. १९५३ पासून राखलेला सहा हेक्टरांचा तो तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसा स्थळ झाला, आणि तिथले आभाळाला टेकलेले साग बघण्यासारखेच आहेत. पण तसल्या दाट छताखाली धायटी शोधू नका. ती उघड्या उतारावर, रस्त्यासाठी कापलेल्या कडेवर, दगडांत, भर उन्हात असते. अंगणातली सर्वांत तापणारी जागा तिला द्या.

"युरिया टाकला की जोर धरते." पानं धरते. फांद्या मऊ, लांब होतात, फूल कमी येतं आणि उन्हाळा सोसत नाही.

"छाटली तर मरते." उलट फुलं संपल्यावर, पावसाच्या आधी, तिसरा हिस्सा छाटली तर नव्या फांद्या फुटतात आणि पुढच्या वर्षीची फुलं त्यांच्यावर येतात. दिवाळीत छाटणारे मात्र कळ्याच कापतात.

"धायटी म्हणजे धावडा." नाही. धावडा हा डिंकाचा मोठा वृक्ष, आयुर्वेदातला धव. धायटी ही धातकी. नावं सारखी वाटली तरी कुळंही वेगळी आहेत.

"फुलात नशा असते." नसते. अशोकारिष्ट, दशमूलारिष्ट, कुमारीआसव यांत ही फुलं पडतात म्हणून हा समज. फुलांबरोबर येणारं यीस्ट काढा आंबवायला मदत करतं, मद्यार्क त्या आंबण्यातून तयार होतो. चरकसंहितेत धातकी संधानीय, म्हणजे जखम सांधणाऱ्या औषधांच्या गणात दिली आहे. त्यावरून घरीच औषध करायला बसू नका, ते वैद्याचं काम.

"जंगलातून उपटून आणली की झालं." मोठ्या झुडपाचं मूळ खडकात गेलेलं असतं, ते तुटतंच, आणि झुडूप दोन्हीकडचं जातं. शिवाय राखीव जंगलातून रोपं उपटणं कायद्यात बसत नाही, आणि जिथे ग्रामसभेचे सामूहिक वनहक्क आहेत तिथे आधी ग्रामसभेला विचारायचं असतं.

"देशी म्हणजे फक्त आपल्याच देशातली." धायटी मादागास्करपासून भारतभर आणि पुढे दक्षिण चीनपर्यंत मुळातच वाढते. देशी म्हणजे माणसाने आणून न लावता इथल्या रानात आपणहून घडलेली.

या शेवटच्या मुद्द्यावर थोडं अधिक बोलायला हवं, कारण "जंगली, काटक, पाणी न लागणारं" म्हणून लोक कुंपणाला घाणेरी लावतात आणि तिला देशी समजतात. घाणेरी उष्ण अमेरिकेतली. इंग्रजांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आज देशातलं सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर जंगल तिने व्यापलं आहे. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक प्रजातींच्या यादीत ती आहे, आणि तिच्या शेजारी रानमोडीही आहे, जी आपल्याकडे रस्त्याच्या कडेने दर वर्षी पुढे सरकते आहे. पक्षी घाणेरीची काळी फळं खातात आणि बिया जंगलात नेऊन टाकतात. आलापल्लीत तुमचं कुंपण आणि जंगल यांच्यात एका पाखराच्या झेपेएवढंच अंतर आहे. शहरातल्या माणसाने घाणेरी लावली तर मी कदाचित गप्प बसेन. इथे लावलेली दिसली की मी थांबून सांगतो, मग कोणाला राग आला तरी चालेल.

रोप मागायला येणाऱ्यांना आता मी रोपाबरोबर बीही देतो. एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात बोंडं तपकिरी झाली की लाल आवरणासकट खुडायची, सावलीत वर्तमानपत्रावर दोन-तीन दिवस ठेवायची, मग चुरडून चाळणीतून काढायची. बी कागदाच्या पुडीत ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. मृगाच्या सरी आल्या की पसरट कुंडीत निम्मी वाळू, निम्मी माती घालायची, बी वरून भुरभुरून हाताच्या तळव्याने नुसतं दाबायचं, वर माती लोटायची नाही; इतकं बारीक बी खोल गेलं की उगवत नाही. पाणी वरून ओतलं तर बी वाहून जातं, म्हणून कुंडी पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू द्यायची, आणि वरची माती काळसर झाली की कुंडी उचलून घ्यायची. रोपं बोटभर झाली की एकेक करून लांबट पिशवीत हलवायची, जितकी लांब मिळेल तितकी चांगली.